मिरचीच्या ओळीतली माझी जागा

मी, सोमारीबाई लटारू निकुरे, मुक्काम बोरटोला, तालुका गोंडपिपरी, जिल्हा चंद्रपूर, राजीखुशीने हे लिहवून घेते. डोके शाबूत आहे, गुडघे नाहीत. मला अक्षर येत नाही, म्हणून अंगणवाडीच्या संघप्रियाबाई लिहीत आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. चुलीजवळ रागात जे बोलले ते धरू नये. थकले आहे, थोडक्यात सांगते.

१. माझ्या नावावरचे घरकुल सून मंजुषा आणि नात दिव्यानी यांना सारखे. मुलगा प्रफुल याने त्यात राहावे. अट पुढे आहे.

२. विळा, सूप आणि दोन्ही बकऱ्या मंजुषाला. हिरवे लुगडे जाऊबाईंनी मागितले तर द्यावे, पण दोनदा मागू द्यावे.

३. दर माघात आमच्या गावची माणसे तेलंगणात मिरची तोडायला जातात. मुकादम एकट्याचे नाव घेत नाही, जोडी घेतो. ओळीच्या अल्याड एक, पल्याड एक. मंजुषा लग्न होऊन आली तेव्हापासून तिची जोडी मी. औंदा माझ्याने उठवत नाही. माझ्या जागी दिव्यानीचे नाव देतो, असे प्रफुल म्हणतो. तोडणी चैत्रापर्यंत चालते. म्हणजे तिचे बी.ए.चे शेवटचे वर्ष बुडाले.

तिला एक जाडी कादंबरी अभ्यासाला आहे. दूरदेशीची, जुनी, नावाजलेली. शेत सुटलेली माणसे बिऱ्हाड घेऊन कामाच्या मागे फिरतात. ती मला मराठी करून सांगते.

मी म्हटले, "यात नवीन काय आहे वं? आपलंच तं आहे. फक्त मिरची नाई."

"आजी, यावर मोठा प्रश्न येते."

"मंग मलेच पाठव पेपरले."

प्रफुल दारातून म्हणाला, "वाचून का होते? शेवटी तोडालेच जा लागते."

"तू कवा गेला रे?"

त्याची पाठ दुखते. फक्त माघात.

तरी ओळीतली माझी जागा मी प्रफुलला देते. सोबत बोटांना बांधायच्या चिंध्या आणि एरंडेलाची बाटली. पल्याड उभे राहून त्याने दिवसभर बायकोचे तोंड पाहावे. मी पाहिले आहे, चांगले आहे. त्याने दिव्यानीचे नाव दिले, तर त्याचा घरात राहण्याचा हक्क संपला. बकऱ्यांचा राहील.

मृत्युपत्र मेल्यावर लागू होते, तोवर गाडी निघून जाईल, असे संघप्रियाबाई म्हणाल्या. म्हणून हे आजच प्रफुलसमोर मोठ्याने वाचावे.

४. कादंबरी अर्धी राहिली आहे. ती माणसे घरी परतली की नाही, दिव्यानी सांगत नाही. मी आधी गेले तर शेवट तेरवीला सगळ्यांपुढे वाचावा. आम्ही दर साल परतलो, पुन्हा जायला. त्यांचे काय झाले, ते पाहू.

अंगठा : सोमारीबाई लटारू निकुरे
साक्षीदार : संघप्रिया रामटेके (लिहिणार), नथ्थू मोहुर्ले (शेजारी)
बोरटोला, ९ जानेवारी २०२५

वाचलेले ऐकले. मुकादमाले फोन करून माझं नाव सांगितलं. पाठ खरंच दुखते, हेबी लिहा.
सही : प्रफुल लटारू निकुरे