काकू शिवून घेत नाही

१२ ऑक्टोबर, धार

आजही काकूनं जवळ घेतलं नाही. दारातूनच, "आलीस? हातपाय धू." बस्स! माझं लग्न झाल्यापासून हे असं. लग्नात देवघराकडे फिरकली नाही. देवासचं माझं घर तिनं अजून पाहिलं नाही. आई गेल्यावर हिनंच वाढवलं. शाळा हिंदी, पण अक्षरं आधी हिनंच पाटीवर गिरवून घेतली — बोट धरून. हर्षितशी लग्न केलं, तो मराठी नाही, तेच बोचत असणार. माझंच चुकलं का?

१३ ऑक्टोबर

लिहायला लाज वाटते. मोरीत काकू कापडं धूत होती. रक्त! मी धावले तर ओरडली, "शिवू नकोस! मी बाहेरची आहे."

साठी उलटलेली बाई!

मग मान खाली घालून बोलली. दोन वर्षं झाली, अंग बाहेर येतं — गर्भाशय खाली उतरलंय. धड उभं राहवत नाही, बसवत नाही. वर पाळी परत आली — कधीही येते, म्हणून रोजच पाळते. "तुझ्या कार्यात विटाळ करू होय?"

म्हणजे राग नव्हताच. आणि मी काय काय मनात आणलं!

१६ ऑक्टोबर, देवास

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माताजी, ये पीरियड नहीं है. बाहर आया हुआ अंग रगड़ से छिल गया है." तरी तुकडा तपासायला पाठवलाय.

गाडीत काकू म्हणाली, "म्हणजे देवाला उगाच उपाशी ठेवलं की!"

हर्षित म्हणाला, "काकू, भगवान आपके भरोसे थोड़ी बैठे थे!" तीही हसली. पण माझ्या घरी न येता धारला परत. मला शिवलीही नाही. सवय!

२ नोव्हेंबर

रिपोर्ट चांगला आला. जखम भरली की ऑपरेशन — पोटातून जाळी घालून अंग वर ओढायचं, पाठीच्या हाडाला शिवायचं. मी नेटवर वाचत बसले. जाळी आत रुतते, दुखत राहतं, काही देशांत बंदच! डॉक्टर म्हणाल्या, बंद केली ती खालून घालायची. हिच्यात धोका कमी, पण आहे; आणि नंतर पूर्ण काढणं कठीण. नुसती आधाराची रिंग खालून बसवूनही भागतं; ती मात्र अधूनमधून काढून धुवावी लागते.

रिंगच सुचवावी का? पण मला ती ठणठणीत होऊन इथं, माझ्यापाशी हवी आहे. मग जाळी मी कुणासाठी मागतेय?

५ नोव्हेंबर, धार

काकूला सगळं वाचून दाखवलं, वाईटातलं वाईटही. तिचं उत्तर — "भीती तुला वाटते ना? मग तू बाहेर बस. रिंग काढा, रिंग घाला, मी दर वेळी कुणापुढे निजू? जाळी घाला."

११ डिसेंबर, देवास

झालं! शुद्धीवर आली. मी लांबच उभी. तिनं हात पुढे केला. "ये की गं."

तिच्या तळहातावर गाल ठेवला. किती खरखरीत! विसरलेच होते.

२० जानेवारी

काकू धारला. अजून जड उचलायचं नाही. मार्चमध्ये कायमची इकडे ये म्हटलं. "बघू." मी आतापासूनच चहा तिघांचा टाकते. हर्षित गुपचूप दोन कप पितो.

१५ मार्च

काकूचा फोन लागेना. घाबरून शेजारच्या गुड्डीला केला. "काकू? वो तो मांडू गईं, मोहल्ले की औरतों के साथ! बस में सबसे आगे बैठी थीं."

मला सांगितलंसुद्धा नाही! आज चहा दोघांचाच टाकला. जा, काकू.