आमच्या अमेरिकनाची बाजू

१७ ऑगस्ट, शनिवार
इंग्लंडची लीग आजपासून सुरू. मी फुटबॉल बघणार नाही. मी फक्त भावोजींच्या दुकानात जाऊन बसणार आहे. तिथे टीव्ही चालू असतो, त्याला माझा इलाज नाही.

भावोजी म्हणजे ह्यांचे मित्र, चष्मेवाले. दर शनिवारी संध्याकाळी ते शटर अर्धं खाली ओढायचे आणि हे दोघे अक्षरांच्या तक्त्याशेजारच्या टीव्हीवर मॅच बघत भांडायचे. भांडण एकाच माणसावरून. मधल्या फळीत खेळणारा एक अमेरिकन. हे म्हणायचे, पोरगा मोठा खेळाडू आहे, तुला दिसत नाही. भावोजी म्हणायचे, मला दिसत नाही? अरे, लोकांना दिसावं म्हणून तर मी दुकान मांडून बसलोय. हॉस्पिटलमध्येही हेच चाललं होतं. शेवटी भावोजी म्हणाले, तू आधी बरा हो, मग बघतो तुझ्याकडे. हे बरे झाले नाहीत. वाद तसाच राहिला.

तो मी संपवणार. एक सीझन. भावोजींच्या तोंडून 'तो बरोबर होता' एवढं वदवून घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. माणूस गेला तरी त्याचं म्हणणं लोंबकळत राहू नये.

ठराव: चिडायचं नाही. आवाज चढवायचा नाही. मुद्द्याचं बोलायचं.

१८ ऑगस्ट, रविवार
चिडले. पण आवाज चढवला नाही. समोरचा बेकरीवाला धावत आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला, ते त्याचा स्वभाव चौकस आहे म्हणून.

२४ ऑगस्ट, शनिवार
लायब्ररीतून फुटबॉलच्या नियमांचं पुस्तक आणलं. शाळा माझी लवकर सुटली. वाचायला शिकले ती आमच्या इस्त्रीच्या दुकानातल्या टेबलावर, कपडे गुंडाळायला आणलेल्या रद्दीतून. अर्धी बातमी हाती लागायची, उरलेली अर्धी कुणाच्या तरी शर्टाभोवती गेलेली असायची. पुढचं आपणच समजून घ्यायचं. त्यामुळे कुठलंही पुस्तक मला अवघड जात नाही.

ऑफसाइडचं प्रकरण एका दमात कळलं. उद्या परत वाचणार.

१४ सप्टेंबर, शनिवार
आज अमेरिकन उत्तम खेळला. पूर्ण पहिला हाफ मी त्याच्यावरून नजर हलवली नाही. काय तो पळतो, काय हात करून सोबत्यांना जागा दाखवतो! मी भावोजींना एकेक गोष्ट दाखवत गेले. ते ऐकत राहिले. मला वाटलं, विरघळले.

हाफटाइमला म्हणाले, वहिनी, तो जो तुम्ही दाखवताय तो स्वीडनचा आहे. अमेरिकन बेंचवर बसलाय. केस कापलेत त्याने.

मेडिकलवालेही तिथे होते. ते शेजारचं औषधांचं दुकान चालवतात आणि शेवटी जो बोलला त्याच्या बाजूने असतात, म्हणून आम्ही त्यांना 'हो-हो' म्हणतो. ते म्हणाले, हो हो, बेंचवरच आहे.

दुसऱ्या हाफमध्ये मी बेंचकडे लक्ष ठेवलं. बसला होता, पण नुसता बसला नव्हता. त्या बसण्यातही एक तयारी होती. हे मी बोलून दाखवलं. भावोजींनी नको तेव्हा काचा पुसायला घेतल्या.

५ ऑक्टोबर, शनिवार
अमेरिकनाला शेवटी शेवटी मैदानात पाठवलं. भावोजींचा जुना मुद्दा: हा मागेच पास देतो. चेंडू पुढे न्यायला आणलाय की पोस्टाने परत पाठवायला?

मी म्हटलं, भावोजी, इस्त्री आधी मागे ओढल्याशिवाय पुढची सुरकुती जात नाही. आयुष्यभर तेच केलंय मी.

ते म्हणाले, वहिनी, तुम्ही मागे ओढता आणि मग पुढे नेता. हा मागे नेतो आणि तिथेच ठेवून देतो. कापड जळतं.

हो-हो म्हणाले, जळतं, जळतं.

भावोजींनी मुद्दा सोडून विनोदावर नेलं. आजचा दिवस आपला.

२ नोव्हेंबर, शनिवार
वकीलबाईंच्या पांढऱ्या कॉलरवर पिवळा डाग पडला. कापडच हलकं होतं. मोबाइलवर खेळाडूंची यादी यायची वेळ होती, त्याचा याच्याशी संबंध नाही.

वकीलबाई म्हणाल्या, आजी, लक्ष कुठे असतं? मी म्हटलं, मधल्या फळीत. त्यांना वाटलं मी कपाटाबद्दल बोलतेय.

ठराव: इस्त्री गरम असताना मोबाइल बंद.

३ नोव्हेंबर, रविवार
मोबाइल बंद नव्हता, उलटा ठेवला होता. एकच उशी. म्हणजे उशीचा अभ्रा. जळाला.

३० नोव्हेंबर, शनिवार
ह्यांच्या निळ्या शर्टाला इस्त्री केली. दर शनिवारी करते. कपडा नुसता ठेवला तर घडीवर विरतो. त्याला दुसरं काही कारण नाही.

अमेरिकन आज बरा खेळला. 'बरा' हा शब्द भावोजींचा. मी वर्तमानपत्रातून त्याच्या अचूक पासांची टक्केवारी उतरवून नेली होती. सगळ्या टीममध्ये पहिला नंबर. भावोजी म्हणाले, दोन हात लांबच्या माणसाला चेंडू द्यायला टक्केवारी कशाला लागते? मीही तुम्हाला चहाचा कप अचूक देतो.

हे असते तर म्हणाले असते, ज्याच्याकडे चेंडू नसतो त्याच्याकडे बघावं. मी तेच म्हटलं. भावोजींनी चहाचा कप खाली ठेवला. मग भावोजी म्हणाले, ज्याच्याकडे चेंडूच नसतो त्याला पगार कशाचा देतात? पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. घसा बसला असावा.

२६ डिसेंबर, गुरुवार
लाल कार्ड. अमेरिकन बाहेर. पुढच्या तीन मॅचेस बंदी.

लाल कार्ड असं कुणालाही मिळत नाही. त्यासाठी जीव ओतावा लागतो.

त्याला बंदी तर मलाही बंदी. तीन मॅचेस मी दुकानात पाऊल टाकणार नाही. एवढी निष्ठा हवी.

२९ डिसेंबर, रविवार
गेले. तो नसताना टीमची कशी दैना होते ते बघायला. चार गोलांनी जिंकले. समोरची टीम अगदीच कच्ची होती.

१९ जानेवारी, रविवार
बंदी संपली. तो परत येणार म्हणून मी लवकर जाऊन बसले. तो बेंचवर.

हो-हो म्हणाले, संपला हो हा. मी त्यांच्याकडे बघितलं. म्हणाले, नाही नाही, संपला नाही.

२५ जानेवारी, शनिवार
मुलीचा फोन. म्हणते, आई, बाबा मॅच लावायचे तेव्हा तू चॅनेल बदलायचीस. मी म्हटलं, तो वेगळा काळ होता, तेव्हा मला तांत्रिक ज्ञान नव्हतं.

मग म्हणाली, बरं, समज तू जिंकलीस. काका म्हणाले, बाबा बरोबर होते. पुढे शनिवारी काय करणार?

मी म्हटलं, आराम.

ती म्हणाली, काय? तू? लाइन खराब असावी. आजकाल नेटवर्क फारच वाईट.

२२ फेब्रुवारी, शनिवार
पेपरात बातमी: क्लब अमेरिकनाला उन्हाळ्यात विकणार. गिऱ्हाईक शोधताहेत. जुनं फर्निचर काढतात तसं.

भावोजींनी पेपर काउंटरखाली सरकवला होता. मी पाहिला. म्हणाले, अहो, पेपरवाले काहीही छापतात. म्हणजे त्यांनी अमेरिकनाची बाजू घेतली! त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही आलं नाही असं मी दाखवलं.

पण विकला तर वादाचा निकालच लागणार नाही. क्लबला पत्र लिहिणार. इंग्रजीत. उद्या.

२३ फेब्रुवारी, रविवार
'डिअर सर' पर्यंत झालं. 'सर'च्या पुढे काय लिहावं ते आठवड्याभरात ठरवते.

८ मार्च, शनिवार
गोल! अमेरिकनाने! डाव्या पायाने! मी काही आरडाओरडा केला नाही. बेकरीवाला पुन्हा आला. या माणसाला ट्रे भरायला वेळ कधी मिळतो?

भावोजी म्हणाले, आंधळ्या कोंबडीलाही कधी दाणा सापडतो. मी म्हटलं, दाणा खाल्ला ना? पोट भरलं ना?

पत्र पाठवायची गरज राहिली नाही.

५ एप्रिल, शनिवार
मागच्या चार मॅचेसमध्ये हा सोडून दुसरं कुणी खेळतंय असं वाटत नाही. चेंडू त्याच्याकडे येतो, तो मान वर करतो, आणि सगळं मैदान जरा थांबून त्याच्या मनात काय आहे ते बघतं. टीम तळाशी आहे, खालच्या लीगमध्ये घसरायच्या बेताला. ती एकटा हा ओढून वर काढतोय.

भावोजी आता नुसतं 'हं' म्हणतात. त्यांच्या 'हं'चे प्रकार मला कळू लागलेत. आजचा शरणागतीच्या अगदी जवळचा होता.

माझं भाषण तयार आहे. लहानच. सुरुवात: भावोजी, मी तुम्हाला दोष देत नाही. मध्ये ह्यांच्याबद्दल दोन वाक्यं. शेवट मोठ्या मनाने. इस्त्री करताना म्हणून पाहिलं. मधली दोन वाक्यं सोडून सगळं नीट म्हणता येतं.

२६ एप्रिल, शनिवार
मधल्या दोन वाक्यांचं एक केलं.

१० मे, शनिवार
ते एकही काढलं. भाषण सुटसुटीत असावं.

२५ मे, रविवार
शेवटची मॅच. बरोबरी झाली असती तरी टीम खाली गेली असती. संपत आली तेव्हा अमेरिकनाने मैदानाच्या मधोमध दोघांना चकवलं आणि असा पास दिला की पुढच्या पोराला नुसता पाय लावायचा होता. गोल. टीम वाचली. माणसं मैदानात उतरली, अमेरिकनाला खांद्यावर घेतलं. हो-हो स्टुलावर उभे राहिले होते.

भावोजींनी टीव्हीचा आवाज बंद केला. चष्मा काढून शर्टाला पुसला, दुकानात एवढे रुमाल पडलेले असताना. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, वहिनी, तो बरोबर होता. मी चूक होतो. पहिल्यापासून तोच बरोबर होता.

अगदी हेच शब्द. सगळ्या सीझनभर मला जे हवं होतं ते.

मी उठले. भाषण तोंडात होतं. भावोजी म्हणाले, चला, तुमचा निकाल लागला. आता भांडायला काही उरलं नाही. असं म्हणून हसले, आणि टीव्हीची वायर गुंडाळू लागले. पुढच्या महिन्यापासून त्या जागी फ्रेमचं नवं कपाट येणार, शनिवारी दुकान चालू ठेवणार. ह्या वयात गिऱ्हाईक सोडून चालत नाही म्हणाले. हो-हो म्हणाले, नाही चालत.

मी वायरीकडे बघत होते. आणि म्हटलं, एका पासावरून काय ठरतं?

भावोजी थांबले. म्हणजे?

म्हटलं, एक पास लागला. बाकी सगळा वेळ काय करत होता? पहिल्या हाफमध्ये दोनदा चेंडू घालवला. पळतो तर असा, की चप्पल तुटल्यासारखा. दुसरा कुणी असता तर दोन गोल झाले असते. मला तर तो तसा सामान्यच वाटतो.

सामान्य? भावोजी म्हणाले. वहिनी, तुम्ही शुद्धीवर आहात ना? बसा. बसा तुम्ही इथे खुर्चीवर. तुमचे डोळे मी फुकट तपासतो. त्यांनी वायर परत भिंतीत खोचली, आवाज वाढवला, तो पास पुन्हा दाखवत होते तो बोटाने काचेवर आखून दाखवला, आणि असे तावातावाने बोलू लागले की तोंडातून थुंकी उडत होती. मी म्हटलं, नशीब हो, नशीब. हो-हो बिचारे एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले, त्यांना कुणाला हो म्हणावं कळेना. बेकरीवाला आला.

शटर लावतानाही भावोजी बोलतच होते. कपाट मागच्या खोलीत बसेल म्हणाले.

घरी आले. भाषण तसंच राहिलं. ह्यांच्या विरुद्ध एवढं बोलले त्याचं वाईट वाटतंय का, तर नाही. जे खरं आहे ते खरं आहे. अमेरिकनात दम नाही. मला अगदी सुरुवातीपासून शंका होती, फक्त बोलून दाखवली नव्हती.

ऑगस्टपासून भावोजींना हे पटवून देणार. एक सीझन पुरे.