लंकाबाईच्या फ्रिजातला केक

३ मे, शनिवार
आजपासून रोज वहीत लिहिनार. सातवीपत्तर शिकले तरी अक्षर बरं हाय माझं.
माझ्या लेकीचा, ग्लोरियाचा, पहिला वाढदिवस ११ तारखेला. केक मी घरी करनार. तिच्या बाप्तिस्म्याला माझा शिरा करपला, तवापासून पाव्हने आले की सासूबाई मला गॅसपाशी उभं राहू देत न्हाईत. केक चांगला झाला की गॅस माझा. सॅम्युएलनं श्रीरामपूरच्या एका बेकरीत ऑर्डर दिल्ती. ती क्यान्सल करायला लावली. लगेच व्हय म्हनला. नवरा असावा तर असा.

६ मे
मोबाईलवर अकरा व्हिडिओ बगितले. सोपं हाय. ओव्हन लागत न्हाई. कुकरची शिट्टी काढायची, तळाला मीठ पसरायचं, वर केकचं भांडं. क्रीम तेवढी गार ठिवावी लागती. आमच्याकडं फ्रिज न्हाई. शेजारच्या धनश्रीकडं हाय. ती म्हनली, मरियम, माझा फ्रिज तो तुझाच, इचारतीस काय येड्यावानी. सख्खी बहीन अशी नसंल.
फक्त तिची सासू लंकाबाई माळकरी. घरात अंडं चालत न्हाई. केकात अंडी हायेत का, ते कुनी इचारलं न्हाई. मी सांगितलं न्हाई. हे काय खोटं बोलनं न्हाई.

९ मे
आज एकदा करून बगनार हुते. मैदा काढला आन परत डब्यात वतला. राहू दिलं. उद्या एकदम खराच करू.

१० मे, दुपारी ४
झाला! फुगला! ग्लोरिया कडेवर, रडारड, एका हातानं सगळं केलं. पिठीसाखर आन बारीक मीठ सारख्याच दोन डब्यांत काढून ठिवलं हुतं, म्हनून पटापट झालं. कुकरच्या तळाचं मीठ मात्र काळं हून गोंदावानी चिकटलं. दुकानदार आजकाल लई हलकं मीठ देत्यात. पन घरभर काय गोड वास!
सासूबाई म्हनल्या, चव बगू का जरा? मी न्हाई म्हनलं. पाळकसाहेबांची प्रार्थना झाल्याबिगर सुरी लावायची न्हाई.

संध्याकाळी ६
क्रीमची नऊ गुलाबं काढली. केक धनश्रीच्या फ्रिजात. फोटो काढून स्टेटस ठिवला, चार अंडी, अर्धा किलो मैदा, माझ्या हातचा. लंकाबाईचा फोन बटनाचा हाय, तिला स्टेटस दिसत न्हाई. सगळा इचार केलाय मी.

११ मे, रविवार, सकाळी १०
चर्चला जाताना धनश्रीला इचारलं, केक बरा हाय ना? हाय की, म्हनली, आन झाडू घिऊन आत पळाली. माझा केक बगून लाजली असंल बिचारी.

दुपारी ४
पाव्हने यायच्या आत लिहून काढते. 
केक आनायला गेले. फ्रिज उघडला. माझ्या केकच्या जागी बेकरीचा खोका. वर हिरवा ठिपका. आत गुलाबी अक्षरात ग्लोरिया. माझ्या लेकीचं नाव, दुसऱ्याच्या हातानं. माझा केक मागच्या ओट्यावर पाटीखाली, काल रातीपासनं. गुलाबं वितळून ताटात. मुंग्यांची रांग.
लंकाबाई म्हनली, पोरी, देवाचं लोनी असतं त्या फ्रिजात. दोन शब्द सांगायला तोंड नव्हतं व्हय तुला?
स्टेटस तिला धनश्रीनं वाचून दाखवला. मोठ्यानं. माझ्या बहिनीनं!
खोका कुनी आनला इचारलं. धनश्री म्हनली, तुझ्याच मालकानं, सकाळी.
सॅम्युएलला धरलं. म्हनला, ऑर्डर क्यान्सल केलीच न्हवती. तू घाबरशील म्हनून बोललो न्हाई. तुझा केक ओट्यावर दिसला हुता, पन तुझं तोंड बगून सांगायची हिंमत झाली न्हाई. आईला ठाऊक हुतं.
म्हंजी सगळ्यांना ठाऊक हुतं. गल्लीत मी एकटीच येडी.

१२ मे, सोमवार
काल पाळकसाहेबांनी बेकरीच्या केकवर प्रार्थना केली. ज्या हातांनी हा केक बनवला, त्या हातांना प्रभू आशीर्वाद देवो. सगळे आमेन म्हनले. मी पन म्हनले.
पाव्हने गेल्यावर सासूबाईंनी माझ्या केकचं ताट पुढं वढलं, धनश्रीच्या ओट्यावरनं मी उचलून आनलेलं. मुंग्या नुसत्या क्रीमवर, आतल्या केकला एकीनं तोंड लावलं न्हवतं. त्यांनी मधला तुकडा काढून तोंडात टाकला. मी म्हनलं, आता कळंल ह्यांना.
 मग पानी मागितलं. तांब्याभर पिल्या. म्हनल्या, मरियम, मीठ हाय गं हे. नुसतं मीठ. उद्यापासून माझ्याशेजारी उभी राहत जा गॅसपाशी.
 पन मला सगळं समजलंय.
मीठ धनश्रीनं टाकलंय. फ्रिज तिचाच हाय ना.