बिस्किटांच्या डब्यातली माती

ती. अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे, पण तुला पोचेल तेव्हा साष्टांगच समज.) तुझा खोकला कसा आहे? कुत्रं अजून पोस्टमनवर भुंकतं का? भुंकत असेल तर हे पत्र तुला फाटकाबाहेर पडलेलं मिळेल, ते झटकून वाच.

यंदा बटाटा लावू की नको, एवढंच तू विचारलं होतंस. एका शब्दाच्या उत्तराला इतके दिवस का, म्हणून तू माझ्या नावाने बोटं मोडली असशील. पण अक्का, माती तू बिस्किटांच्या डब्यातून पाठवलीस. आमच्या प्रयोगशाळेत मातीचा नमुना कसा पाठवावा याचे नियम भिंतीवर लावलेत, मात्र 'बिस्किटं' असं छापलेला डबा टेबलावर आल्यावर काय करावं, हे त्यात नाही. शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याने (माणूस सोन्यासारखा, पण खाण्याच्या बाबतीत हात पुढे आणि डोळे मागून) न बघताच आत हात घातला. त्याची नखं घासून होईपर्यंत चहाची सुट्टी संपली. मी डब्याचं झाकण लावायला गेलो आणि वास आला. विहिरीकडच्या वाफ्याला पाणी सोडल्यावर यायचा, तोच. मी इतकी वर्षं लोकांच्या शेतातली माती वाळवतो, पाण्यात ढवळतो, वर तरंगेल ते गाळून घेतो. आजवर कुठल्या मातीपाशी मला असं रडू आलं नव्हतं.

गाळल्यावर कागदाला बारीक तपकिरी दाणे चिकटले. बटाट्याच्या मुळाला लागणारे सूत्रकृमी असतात, त्यांच्या त्या माद्या. मादी मुळाला तोंड लावून बसते, फुगते, तिथेच मरते, आणि तिच्या अंगाचीच टणक डबी होते. आत शेकडो अंडी. ही डबी मातीत वर्षानुवर्षं पडून राहते, ऊन येवो की पाऊस, तिला ढिम्म फरक पडत नाही. जवळ बटाट्याचं मूळ फुटून त्याचा रस मातीत झिरपला, की मग आतली पिल्लं जागी होतात. बोलावल्याशिवाय सहसा बाहेर पडत नाहीत. (आपले मामा लग्नाकार्याला कसे यायचे ते आठव, म्हणजे या किड्यांची रीतभात किती चांगली ते कळेल.)

उरलेली माती वाफेच्या पेटीत घालून निर्जीव करायची, हा आमचा नियम. मी पेटीपर्यंत गेलो आणि डबा घेऊन परत आलो. स्वतःला म्हटलं, दाणे जिवंत आहेत की नुसती टरफलं, हे बटाटा लावल्याशिवाय कसं कळणार? पद्धत खरीच आहे, फक्त ती कुलूपबंद खोलीत करतात, आपल्या खिडकीत चहाच्या मगात नव्हे. कँटीनमधला कोंब आलेला बटाटा त्या मातीत लावला आणि रोज कामावर गेलो की टोपी काढायच्या आधी त्याला पाणी घालायला लागलो. झाड काटकुळं, पण त्याला फूल आलं. आमच्या मोठ्या बाई तेवढ्यासाठी खिडकीशी थांबल्या, फुलाचं कौतुक केलं आणि माती कुठली ते विचारलं. मला खोटं बोलता येत नाही, हे तुला माहीतच आहे.

किडे बुटांच्या मातीतून कुणाच्या शेतात जाऊ नयेत म्हणून पुढचा आठवडा सगळ्यांनी बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून काढला. चष्मेवाला घसरून थेट सिंकला मिठी मारता झाला, आणि तेव्हापासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतो. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "झाड तुम्हीच उपटा."

उपटलं. मुळांना पांढरे आणि सोनेरी दाणे लगडले होते, बघत राहावं असे सुंदर. जिवंत होते गं सगळे. बाईंनी विचारलं, "घरी कोण असतं?" मी म्हटलं, बहीण. एकटीच.

तेव्हा अक्का, बटाटा लावू नकोस. यंदा नाही आणि पुढची बरीच वर्षं नाही. टोमॅटो, वांगंही नको, त्यांच्या मुळांवरही हे किडे जगतात. कांदा लाव, मका लाव, फावडी धुऊन ठेव. वडील गेल्यावर त्या बटाट्यावर तू घर उभं ठेवलंस आणि मला शिकवलंस. म्हणून तर हे सांगायचं टाळून पानभर चष्मेवाल्याच्या गोष्टी सांगत बसलो.

तुझा,
धाकटा

ता. क. डबा धुऊन, वाफवून परत पाठवतो आहे. या वेळी आत खरंच बिस्किटं आहेत.

आणखी एक. नोकरी शाबूत आहे. बाईंनी साठलेली सगळी रजा घ्या म्हणून सांगितलंय. इथे मी मजेत असतो, असं दर पत्रात लिहितो ते तितकंसं खरं नाही. तूही दर पत्रात 'इकडची काळजी करू नकोस' लिहितेस, त्यावर मी कधी विश्वास ठेवलेला नाही.

शेवटचं. कांद्याची रोपं तुला एकटीने लावणं व्हायचं नाही, आणि वाफे धरायला मी अजून विसरलेलो नाही. आपणहून केव्हाच आलो असतो, पण मी मामांवर गेलेलो नाही, त्या डबीवर गेलोय. फाटकाशी बूट धुऊन मगच आत येईन. तू नुसतं 'ये' एवढं लिही.