बिनस्प्रिंगचं बदक

रविवार, ९ नोव्हेंबर
दुपारचे तीन

चि. ठकूस,

बाबांचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण कामावर येतो. तू आणि बाळ मजेत असाल असं लिहिणार होतो, तेवढ्यात परवा जावईबापूंचा फोन आला. म्हणाले, "बाळ चार महिन्यांचं झालं, पण ही त्याला एकटी उचलत नाही. माझ्या हातून काहीतरी होईल म्हणते." तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. फोनवर मला जमणार नाही. आपण दोघं फोनवर हवापाण्याच्या पुढे कधी गेलोय?

आधी गंमत ऐक. तुझा बाप नट झालाय. हसू नकोस!

उन्हाळ्यात दुकानात एक बाई गजराचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन आली. नाटकवाली. घड्याळ राहिलं बाजूला, तिची नजर माझ्या काचेच्या कपाटावर. चावीची एकेचाळीस पत्र्याची खेळणी, तुला तर तोंडपाठ आहेत. "एखादं चालवून दाखवा ना," म्हणाली. मी म्हटलं, "चालत नाहीत. एकाचीही स्प्रिंग जागेवर नाही."

"मग चालायची कशी ती?"

आता हे तोंडाने कसं सांगायचं? मी काउंटरमागून बाहेर आलो आणि शिलाई मशीनवरची पत्र्याची बाई करून दाखवली. मान दोनदा डावीकडे, पाऊल खाली, हात पुढे, आणि शेवटी एक झटका देऊन गप्प. नाटकवाली बघतच राहिली. "काका," म्हणाली, "हाच आपला प्रयोग."

झालं! आता दर शनिवारी दुपारी एका रिकाम्या गोदामात खेळणी जमिनीवर मांडतो. लोक त्यांच्यामधून फिरतात. कुणी एखादं उचलून चावी फिरवतं. चावी नुसतीच फिरते, खेळणं ढिम्म. मग जितके वेढे दिले असतील तितका वेळ मी त्या खेळण्यासारखा चालतो आणि हळूहळू थांबतो. बोलायचं अजिबात नाही. तुझी आई असती तर म्हणाली असती, न बोलण्याचा तुम्हाला सराव आहेच.

खरं सांगू? मला ते फार आवडतं. उंच खिडक्यांतून आलेलं ऊन फरशीवर पाण्यासारखं साचलेलं असतं. माणसं त्यातून चालतात, पण पावलं वाजत नाहीत. मी आगबोट होतो, बेडूक होतो, ढोलवाला होतो. खांदे हलके होतात, वय कुठेतरी राहून जातं. मग वाटायला लागतं, की मीच कपाटात आहे आणि काचेबाहेर एक मुलगी उभी आहे. हात पाठीमागे धरून. तू तशीच उभी राहायचीस.

लोक चाळीसच खेळणी बघायचे. एकेचाळिसावं, ते बदक, मी खिशात ठेवायचो.

काल ते बाहेर मांडलं. का, ते विचारू नकोस. जावईबापूंच्या फोननंतर खिसा जड झाला होता. सहा-सात वर्षांच्या एका पोरीने ते उचललं, चावी फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं. मला चालताच येईना. पाय उचलेनात. तिने पुन्हा फिरवली. मग तिचा चेहरा उतरला. बदक खाली ठेवून तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले. "माझ्याकडून मोडलं का?"

सगळ्यांसमोर मी बोललो. "नाही गं. तू काही केलं नाहीस. स्प्रिंग मीच काढून घेतलीये."

ठकू, हे वाक्य तुझं होतं. चौतीस वर्षं मी ते दाबून ठेवलं.

तू सात वर्षांची असताना, कपाटाला हात लावायची माझी बंदी मोडून, बदक उशीशी घेऊन झोपली होतीस. मी तुला रागावलो नाही, याचा मला तेव्हा केवढा अभिमान! तू शाळेत गेल्यावर मी त्याची स्प्रिंग काढली आणि बदक होतं तिथे ठेवून दिलं. म्हटलं, चाललं नाही की नाद सुटेल. संध्याकाळी तू रडत माझ्या टेबलापाशी आलीस. "बाबा, माझ्या हातून मोडलं." मला एवढंच म्हणायचं होतं, नाही गं. मी भिंग डोळ्याला लावलं आणि काम करत राहिलो. पुढे तुला पुन्हा मोह व्हायला नको म्हणून एकेक करत सगळ्यांच्या स्प्रिंगा काढल्या. महिन्याभराने आईने विचारलं, "पोरगी हल्ली पेलासुद्धा दोन हातांनी का धरते?" मी म्हटलं, "शहाणी झाली."

माझी खेळणी शाबूत राहिली. तुझे हात मी भित्रे केले.

समोर आलीस तर माफ कर म्हणायला जीभ रेटणार नाही. म्हणून लिहितो. माफ कर, बाळा.

वाचून झालं की माझ्यावर रागाव. महिनाभर बोलू नकोस, वर्षभर बोलू नकोस, चालेल. पण आधी जावईबापूंना खोलीबाहेर पाठव आणि बाळाला उचल. एकटीने.

तुझ्या हातून काहीही मोडलं नव्हतं, याचा एकमेव साक्षीदार,
बाबा