येते म्हणून गेली

७ एप्रिल, मंगळवार
काल दुपारी गल्लीत आग. मागच्या कडब्याच्या गंजीला लागली, वाऱ्यानं सोजरच्या पत्र्यापर्यंत आली. तिची माझी भिंत एकच. सोजरनं दारातनं वाकून सांगितलं, "येते गं मी." म्या म्हणलं, ये. माझा गुडघा धरलेला, पायऱ्या रोज तीच उतरवती. बसले वाट बघत. धूर आत आला तरी बसलेच. शेवटी शेजारच्या दादारावानं उचलून बाहेर काढलं. "म्हातारे, कुणाची वाट बघतीस?" सोजरची, म्हणलं. तर ती कवाच पारावर, शेळी धरून उभी.

८ एप्रिल
खोकला. पुण्याहून पोराचा फोन. पळाली का न्हाईस म्हणून ओरडला. गुडघ्याचं सांगितलं, सोजरचं न्हाई.
आगीत बी माणसं येडी ती येडीच. एकानं आधी मिक्सर काढला, बायको आपली मागनं आली. तरणी पोरं मोबाईल धरून. बाकीचे एकमेकाच्या तोंडाकडं बघत. एक पळाला तवा सगळे पळाले.

१० एप्रिल
घरातनं निघताना जाते म्हणू न्हाई, येते म्हणावं. सासूनं शिकवलं, जन्मभर तसंच म्हणलं. सोजरनं बी. मग ती निघाले म्हणून सांगत व्हती, का मला न्यायला येणार व्हती? जाते म्हणाली असती तर बसून सरकत सरकत उतरले असते की.

१३ एप्रिल
सोजरचे पत्रे वाकले, अंथरूण-पांघरूण जळालं. पुतण्याच्या पडवीत निजती. त्याची बायको तोंड वाकडं करती म्हणं. मला काय. इकडं फिरकली न्हाई. दिवसभर कुणाची हाक न्हाई. पायऱ्या बसून उतरते आता.

१५ एप्रिल
आली आज. चहा दिला. साखर कमी पडली तरी बोलली न्हाई, एरवी सोडली नसती. म्या सरळ विचारलं, "येते म्हणालीस ते निघायचं, का परत यायचं?"
तिनं कप खाली ठेवला. मग म्हणली, "खरं सांगू? मला बी आता कळंना. तोंडातनं गेलं."
खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

१६ एप्रिल
मधल्या खोलीत दोघी निजतील एवढी जागा हाय. जास्तीची वाकळ उन्हात टाकली. दादाराव विचारतोय, कुणासाठी? म्या म्हणलं, ढेकणासाठी.
सोजरला सांगावा धाडावा का, ते अजून ठरंना.