छत्तीसच्या पुढे

४ जानेवारी, शनिवार
नव्या वर्षाचा संकल्प: रुलेट खेळायचं नाही. फक्त अभ्यास करायचा. सिटीतल्या कॅसिनोत टेबलापाशी स्कोअर कार्डं फुकट मिळतात, पेनसकट. चाकावर शून्य ते छत्तीस आकडे; बॉल ज्या आकड्यावर थांबेल तो लिहायचा. लाल एका रकान्यात, काळे दुसऱ्यात, शून्य हिरवं म्हणून मधे. स्क्रीनवर मागचे आकडे दिसतात म्हणा, पण ते सामान्य माणसांसाठी. मी डेटा अ‍ॅनालिस्ट आहे.
बायकोला, चारुताला, सांगितलंय, दर शनिवारी लायब्ररीत सर्टिफिकेशनचा अभ्यास. अभ्यास हा शब्द तरी खरा आहे.

११ जानेवारी, शनिवार
आज पैसे लावले नाहीत. म्हणजे थोडे लावले. टेस्टिंग न करता कोण प्रॉडक्शनला जातं? सगळे गेले. घरी, टार्निटपर्यंत, ट्रेनमध्ये उभा. पण खिसाभर कार्डं आणलीत.

१२ जानेवारी, रविवार
कार्डं एक्सेलमध्ये भरायची म्हणजे वैताग. तेवढ्यात ऋता आली. वय आठ, मी मराठीत विचारतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, मला डॅड म्हणते. एकदम सुचलं. कार्ड तिच्या हातात दिलं, म्हटलं हा ऑफिसचा डेटा, मराठीत वाच, मी टाइप करतो. रंगासकट. एकोणतीसला अडखळली, पण नेटाने वाचलं. शेवटी म्हणाली, बाबा, अजून आहेत का?
बाबा म्हणाली.
चारुता किचनमधून ऐकत होती. म्हणाली, किती दिवसांनी दोघं मराठीत बोलताय. डोळे भरले होते तिचे. मला जरा कसंतरीच झालं. पण पोरगी शिकतेय ना? मग झालं तर.

२ फेब्रुवारी, रविवार
काल आकडा ओळखायची माझी सिस्टिम सपशेल आपटली. कारण: डेटा कमी. उपाय: जास्त वेळ बसणे. ऋता आता धडाधड वाचते, सकाळी उठल्या उठल्या कार्डं मागते. बाप म्हणून मी तसा बराच आहे.

९ फेब्रुवारी, रविवार
मराठी शाळेच्या यामिनीताईंचा फोन. भाषा दिनाच्या कार्यक्रमात एक ते पन्नास म्हणायला एकही मूल तयार नाही, ऋता म्हणेल का? ऋता लगेच हो म्हणाली. चारुताने कौतुकाने माझ्या पाठीवर थाप मारली. मी घेतली.

१५ फेब्रुवारी, शनिवार
चारुता म्हणाली, आज लायब्ररी राहू दे, तिची तयारी करून घे. म्हटलं, तिला सगळं येतं. गेलो. आजच्याबद्दल लिहीत नाही.
परतलो तर ऋता दारात बसलेली. कार्डं हवी होती, प्रॅक्टिसला.

२२ फेब्रुवारी, शनिवार
आज शेवटचं. कार्यक्रमानंतर बंद. नक्की. (आज जिंकलो असतो तर आजच बंद केलं असतं.)

२ मार्च, रविवार
हॉल भरलेला. ऋता परकर-पोलक्यात. माईक धरून सुरू झाली: एक लाल, दोन काळा, तीन लाल, चार काळा. लोक हसले, कौतुकाने. यामिनीताई शेजारणीला म्हणाल्या, रंगसुद्धा शिकवलेत, बघा. दहा काळा, अकरा काळा. इथे आमच्या रस्त्यावरचा विलास हसायचा थांबला आणि वळून माझ्याकडे बघू लागला. मी पंख्याकडे बघितलं. एकोणतीस काळा, न अडखळता. छत्तीस लाल. मग नमस्कार करून थांबली.
यामिनीताईंनी हळूच सुचवलं, सदतीस. ऋता माईकमध्येच म्हणाली, सदतीस नसतं. मग आठवलं तिला: शून्य हिरवा. बाबाने शिकवलं.
टाळ्या पडल्या. चारुताचे हात मांडीवरच होते.
गाडीत ऋताने मागून विचारलं, माझं चुकलं का? म्हटलं नाही, माझं चुकलं. सदतीस खरंच असतं? असतं. मग तुझ्या ऑफिसात का नाही? मला लाज वाटली. इतकी, की टर्न चुकलो आणि तसाच पुढे जात राहिलो.

८ मार्च, शनिवार
घरीच. कार्डं मीच फाडून रिसायकलिंगच्या डब्यात टाकली. दुपारी ऋताला म्हटलं, ये, सदतीसपासून पुढचे शिकवतो. इंग्लिशमध्ये म्हणाली, नो वरीज डॅड, आई शिकवतेय.
दार लोटलेलं आहे. आतून दोघींचा आवाज येतोय. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. रंग नाहीत.